माद्रिदची रात्र आणि एक तास पुढे गेलेलं घड्याळ

स्पेनला जाऊन आलेल्या मित्रांशी बोललं की एक तक्रार हमखास ऐकू येते. "अरे, सात वाजता जेवायला गेलो तर वेटर म्हणाला किचन बंद आहे!" मग हे लोक चिप्स खाऊन साडेआठ वाजवतात. साडेआठला रेस्टॉरंट उघडतं, तेव्हा आत हे स्वतः आणि शेजारच्या टेबलावर एक जर्मन म्हातारा-म्हातारी. साडेदहाला बिल मागवायच्या वेळी स्थानिक मंडळी कडेवर पोरं घेऊन आत शिरतात आणि मेनूकार्ड मागतात. बारला गर्दी बारानंतर, डिस्कोथेकमध्ये दोनच्या आधी गेलात तर फक्त तुम्ही आणि डीजे.

मी कंपनीच्या कृपेने काही महिने माद्रिदला ऑनसाइट होतो. तिथे जायच्या आधी या सगळ्याचं स्पष्टीकरण मला इथल्या इथेच मिळालं होतं: "स्पॅनिश लोक आळशी रे, दुपारी झोपतात, मग रात्री जागतात." हे मला पटलं नाही. आमच्या क्लायंटच्या ऑफिसात लोक सकाळी नऊला हजर असायचे, दोनला जेवायचे आणि संध्याकाळी सात-साडेसातला निघायचे. दुपारी झोपलेलं कुणी दिसलं नाही (स्टेटस मीटिंग सोडून). म्हणजे ही माणसं कमी झोपतात आणि उशिरा जेवतात. का? मी तिथल्या शनिवार-रविवारी जे भटकलो आणि वाचलं ते याच प्रश्नामागे. आज तेच लिहितोय.

सुरुवात घड्याळापासून करू, कारण आमच्या जमातीला आकडे दिले की बरं वाटतं. माद्रिद ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे, साधारण ३.७ अंश. झारागोझाहून बार्सिलोनाला जाणाऱ्या हायवेवर ग्रीनिचची रेषा दाखवणारी एक मोठी कमानच बांधलेली आहे. कमानीच्या पश्चिमेला जवळजवळ सगळा स्पेन. तरी देशाचं घड्याळ मात्र बर्लिनचं, म्हणजे १५ अंश पूर्वेचं! एका अंशाला चार मिनिटं धरा. माद्रिदचं घड्याळ सूर्याच्या सुमारे सव्वा तास पुढे आहे आणि उन्हाळ्यात सव्वादोन तास. जूनमध्ये माद्रिदला सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास. आता रात्री दहाला जेवणाऱ्या माणसाकडे परत बघा. सूर्याच्या हिशेबात तो पावणेआठला जेवतोय. आपल्या आजोबांसारखाच.

हे घड्याळ असं झालं कसं? १ जानेवारी १९०१ पासून स्पेनने ग्रीनिच वेळ घेतली होती, म्हणजे जी नकाशावरून असायला हवी तीच. १९३९ साली यादवी युद्ध संपलं, जनरल फ्रँको जिंकला. ७ मार्च १९४० ला त्याच्या सरकारने आदेश काढला आणि १६ मार्चच्या रात्री अकरा वाजता घड्याळात बारा वाजवले. तो एक तास आजतागायत परत मिळालेला नाही.

इंटरनेटवर यापुढची गोष्ट चटकदार आहे: फ्रँकोने हिटलरला खूश करायला घड्याळ बर्लिनला जुळवलं. कानाला बरी वाटते, पण तारखा लावून पाहिल्या की डगमगते. मार्च १९४० मध्ये लंडन आणि पॅरिसही उन्हाळी वेळेवर, म्हणजे ग्रीनिचच्या एक तास पुढेच होते. आदेशात इतर युरोपीय देशांशी वेळ जुळवण्याचं कारण दिलं होतं आणि त्या महिन्यात ते खरंही होतं. फ्रँको आणि हिटलर भेटले ते त्यानंतर सात महिन्यांनी, २३ ऑक्टोबर १९४० ला, फ्रान्सच्या सीमेवरच्या एंदाये स्टेशनात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटन आपल्या वेळेवर परत गेला, शेजारचा पोर्तुगालही गेला. स्पेन गेला नाही. मजा म्हणजे त्या आदेशातच एक कलम होतं की मूळ वेळ परत कधी लागू होईल ती तारीख यथावकाश कळवण्यात येईल. आपण कोडमध्ये 'टेम्पररी फिक्स' अशी कॉमेंट लिहून पुढे जातो, तसंच हे.

(मुंबईकरांनी हसू नये. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, पण 'बॉम्बे टाइम' नावाचं ३९ मिनिटं मागे असलेलं घड्याळ मुंबईत १९५५ पर्यंत तग धरून होतं.)

तर, घड्याळाने निम्मं कोडं सुटतं. पण निम्मंच. कारण हेमिंग्वेचं बैलांच्या झुंजींवरचं 'डेथ इन द आफ्टरनून' हे पुस्तक १९३२ चं आहे आणि त्यातसुद्धा माद्रिदची माणसं झोपायला जायला तयार नसतात! घड्याळ हलायच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे रात्रीचं व्यसन जुनं आहे.

किती जुनं? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माद्रिदच्या नाटकवाल्यांनी एक युक्ती काढली. तीन-चार तासांचं महागडं नाटक करण्याऐवजी तासाभराच्या एकांकिका करायच्या, गाण्यांनी भरलेल्या, आणि प्रत्येक खेळाचं तिकीट वेगळं विकायचं. तिकीट स्वस्त झाल्यावर शिंपी, कारकून, दुकानातली पोरं असे सगळे थिएटरात आले. आल्काला रस्त्यावरच्या आपोलो थिएटरचा चौथा खेळ तर शहरात गाजलेला होता. तो मध्यरात्रीच्या सुमारास सुरू व्हायचा आणि सगळं माद्रिद तिथे दिसायचं. (आपल्याकडे त्याच काळात संगीत नाटकं पहाटेपर्यंत रंगत होतीच की.) आता एवढ्या रात्री सुटलेल्या माणसांना भूक लागणार. सान खिनेस नावाच्या गल्लीत १८९४ पासून एक दुकान घट्ट चॉकलेट आणि तळलेले चुर्रो विकतंय. शेजारी एस्लावा थिएटर. नाटक सुटलं की प्रेक्षक तिथे. आज नाटकाऐवजी डिस्कोथेकमधून सुटलेली मंडळी पहाटे तिथे रांग लावतात, एवढाच फरक. जायचं असेल तर पहाटे पाचलाच जा. दुपारी चारला तिथे फक्त टूरिस्ट असतात आणि चव तीच असली तरी मजा येत नाही.

सान खिनेसपासून पाच मिनिटांवर, पुएर्ता देल सोल चौकाच्या मागे, कासा लाब्रा आहे. १८६० चा गुत्ता. बकालाव म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचे पिठात बुडवून तळलेले तुकडे ही तिथली खासियत. उभ्याने खायचे, वर छोटा बिअरचा ग्लास. २ मे १८७९ ला याच गुत्त्यात पाब्लो इग्लेसियास नावाचा छापखान्यातला खिळेजुळारी आणि त्याचे साथीदार जेवायच्या निमित्ताने जमले आणि त्यांनी गुपचूप स्पॅनिश समाजवादी कामगार पक्ष स्थापन केला. उघड सभेला परवानगी नव्हती, जेवायला होती. हाच पक्ष पुढे शंभरेक वर्षांनी स्पेनवर राज्य करणार होता. मी तिथे गेलो तेव्हा माझ्या बाजूला उभा असलेला टाय घातलेला गृहस्थ माशाचा तुकडा दोन घासांत संपवून निघून गेला. इतिहासात उभे आहोत असं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खाण्याच्या जागा अशाच असाव्यात.

आता सोल चौकातच या. सगळे टूरिस्ट इथे येतातच, कारण देशातले रस्ते जिथून मोजतात तो शून्य किलोमीटरचा दगड इथे आहे आणि त्यावर पाय ठेवून फोटो काढायची रीत आहे. दगडाच्या मागची घड्याळ असलेली लालसर इमारत आधी टपाल कार्यालय होती, १७६८ ची. आज तिथे माद्रिदच्या प्रादेशिक सरकारचं मुख्यालय आहे. फ्रँकोच्या काळात मात्र तिथे सुरक्षा खात्याचं मुख्यालय होतं आणि तळघरात कोठड्या. विद्यार्थी, कामगार संघटनांचे लोक, कम्युनिस्ट यांना इथे आणून मारहाण व्हायची. १९६२ मध्ये हुलिआन ग्रिमाऊ हा कम्युनिस्ट नेता चौकशी चालू असताना इथल्या खिडकीतून खाली पडला. पोलीस म्हणाले त्याने स्वतः उडी मारली. कवटी फुटूनही तो वाचला आणि मग एप्रिल १९६३ मध्ये सरकारने त्याला गोळ्या घातल्या. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर १८०८ च्या उठावाची पाटी आहे, २००४ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मदतीला धावलेल्यांची आहे. तळघराची आठवण कशी ठेवायची यावर मात्र एकमत नाही. २०२४ साली केंद्र सरकारने या वास्तूला स्मृतिस्थळ घोषित करण्याची प्रक्रिया सुरू केली तेव्हा प्रादेशिक सरकारने विरोध केला.

वर लोक फोटो काढतात, खाली हे होतं. मला तिथे दगडावर पाय ठेवून फोटो काढावासा वाटला नाही. तुम्हाला काढायचा तर जरूर काढा, पण एकदा वर खिडक्यांकडे बघा.

फ्रँकोच्या काळाचा जेवणाच्या वेळांशी दुसराही संबंध आहे. युद्धानंतर देश भुकेकंगाल झाला. रेशनकार्ड १९५२ पर्यंत चाललं. एका पगारात घर चालेना, म्हणून हजारो लोक दोन नोकऱ्या करायचे. एक सकाळी, दोन-तीन वाजेपर्यंत. मधे घरी येऊन जेवण. दुसरी संध्याकाळी, रात्री आठ-नऊपर्यंत. अशा माणसाचं रात्रीचं जेवण दहाच्या आधी होणार कसं? ज्या वेळापत्रकाला आपण 'मस्त रिलॅक्स्ड लाइफ' म्हणतो त्याचा एक मोठा भाग म्हणजे दुहेरी पाळीत राबणारी माणसं. 'आळशी' म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय.

दुपारच्या जेवणाचंही तसंच. माद्रिदला गेल्यावर पैसे वाचवायचा सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे 'मेनू देल दिया'. दुपारी दोनच्या सुमारास साध्या हॉटेलात ठरलेल्या किमतीत दोन कोर्स, ब्रेड, पेय आणि गोड. थाळीच म्हणा. सोमवार ते शुक्रवार मी यावरच जगलो. त्याचं मूळ १९६४-६५ च्या सरकारी नियमात आहे. माहिती आणि पर्यटन मंत्री मानुएल फ्रागा याने रेस्टॉरंटांना टूरिस्टांसाठी ठरावीक किमतीचा मेनू ठेवायला लावला. नावाप्रमाणे या खात्याकडे दोन कामं होती: परदेशी पाहुण्यांना बोलावणं आणि आपल्या लोकांच्या वर्तमानपत्रांवर, पुस्तकांवर, सिनेमांवर कात्री चालवणं. (हाच फ्रागा १९६६ मध्ये पालोमारेसच्या समुद्रात अमेरिकन राजदूताबरोबर पोहायला उतरला होता. अमेरिकन विमानातून चार हायड्रोजन बॉम्ब तिथे पडले होते आणि टूरिस्ट घाबरू नयेत म्हणून हा खटाटोप!) किनाऱ्यावर बिकिनी चालत होती, शहरात चुंबन घेणाऱ्या जोडप्याला पोलीस हटकत होते. पर्यटन आलं, स्वातंत्र्य नाही.

२० नोव्हेंबर १९७५ ला फ्रँको गेला. १९७८ मध्ये राज्यघटना आली. आणि मग माद्रिदमध्ये जे झालं त्याला 'मोव्हिदा' म्हणतात. माझ्यासाठी या सगळ्या कथेचा गाभा हाच.

९ फेब्रुवारी १९८० ला माद्रिदमध्ये एक संगीत मैफल झाली. 'तोस' नावाच्या बँडचा ड्रमर कानितो नववर्षाच्या रात्रीच्या अपघातात गेला होता आणि मित्रांनी त्याच्या आठवणीत दहा-बारा बँड जमवले होते. बरेच जण मोव्हिदाची सुरुवात तिथपासून धरतात. कुठे झाली ही मैफल? सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजच्या सभागृहात! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमधून हिंदी गाण्यांच्या भ्रष्ट नकलांखेरीज काही निघालं नाही, आणि यांच्या गॅदरिंगमधून देशाचा मूड बदलला. असो.

त्याच १९८० मध्ये पेद्रो आल्मोदोवारचा पहिला व्यावसायिक सिनेमा आला, 'पेपी, लुसी, बोम'. दिग्दर्शक तेव्हा टेलिफोन कंपनीत कारकून होता. दिवसा ऑफिस, संध्याकाळी आणि वीकेंडला मित्रांना गोळा करून शूटिंग, पैसे संपले की थांबायचं. फ्रँकोच्या राज्यात जे दाखवलं असतं तर तुरुंगात गेला असता ते सगळं त्यात ठासून भरलंय आणि तांत्रिकदृष्ट्या सिनेमा तसा कच्चाच आहे. पण एका सरकारी मक्तेदारीच्या टेलिफोन कंपनीत बारा वर्षं फायली सरकवत राहिलेला माणूस पुढे ऑस्कर नेतो, हे सोमवारी सकाळी आठवावं असं आहे.

रात्री कुठे जायचं विचाराल तर मालासान्या. हे नाव १८०८ च्या २ मे रोजी नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध झालेल्या उठावात मारल्या गेलेल्या मानुएला मालासान्या या शिवणकाम करणाऱ्या मुलीचं. दोस दे मायो चौकात तेव्हाच्या तोफखान्याची कमान अजून उभी आहे. (त्याच उठावावर गोयाने काढलेली दोन मोठी चित्रं प्रादो म्युझियममध्ये आहेत. तिथे जायला शेवटचे दोन तास फुकट असतात, ऑनसाइटवाल्यांनी नोंद घ्यावी.) १९७० च्या दशकात हा भाग पडीक होता, घरं स्वस्त, म्हणून पोरं तिथे आली. 'ला व्हिआ लाक्तेआ' हा बार १९७९ चा, तिथे आजही भिंतीवर जुनी पोस्टरं आहेत. रॉक-ओला हा क्लब, जिथे सगळे बँड वाजले, तो मात्र १९८१ ते ८५ एवढाच चालला. या साऱ्याला आशीर्वाद देणारा महापौर होता तिएर्नो गाल्वान, चष्मा लावणारा साठी उलटलेला प्राध्यापक, ज्याला फ्रँकोच्या काळात राजकारणापायी विद्यापीठातून काढलं होतं. जानेवारी १९८६ मध्ये तो गेला तेव्हा अंत्ययात्रेला रस्ते भरून माणसं आली.

आता रात्री रस्त्यावर असणं म्हणजे नुसती मजा नव्हती हे लक्षात घ्या. ज्या शहरात पंचवीस माणसं एकत्र जमली की पोलीस यायचे, तिथे पहाटे तीनला चौकात गिटार घेऊन बसता येतंय, हीच मोठी गोष्ट होती. पण मोव्हिदाचे गोडवे गाणारे एक गोष्ट हळूच गाळतात. हेरॉइन. त्याच गल्ल्यांमध्ये ते आलं, सुयांबरोबर एड्स आला आणि १९९० च्या दशकात पश्चिम युरोपात सगळ्यात जास्त फटका बसलेल्या देशांत स्पेन होता. कानितोच्या 'तोस' बँडचं पुढे 'लोस सेक्रेतोस' झालं. त्याचा गायक एनरिके उर्किहो नोव्हेंबर १९९९ मध्ये मालासान्यातल्याच एका इमारतीच्या दारात मृत सापडला. ड्रग्जनेच घेतला त्याला. एका मृत्यूच्या मैफलीतून सुरू झालेली गोष्ट वीस वर्षांनी परत एका मृत्यूपाशीच आली.

आणि आज? २०११ च्या उन्हाळ्यात आपण 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' बघून स्पेनच्या ट्रिपची स्वप्नं रंगवत होतो. त्याच वर्षी १५ मेपासून सोल चौकात हजारो तरुण तंबू ठोकून बसले होते, जवळपास महिनाभर. तरुणांमधली बेकारी चाळीस टक्क्यांच्या वर होती. सिनेमात ते दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. २०२४ साली स्पेनला नऊ कोटींहून जास्त परदेशी पाहुणे आले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या जवळपास दुप्पट. मालासान्यात ज्या स्वस्त खोल्यांनी मोव्हिदा पोसली त्या आता टूरिस्टांना रात्रीच्या भाड्याने जातात. बार्सिलोनाच्या महापौरांनी त्याच वर्षी जाहीर केलं की २०२८ पर्यंत शहरातल्या दहा हजारांवर टूरिस्ट फ्लॅटचे परवाने संपवणार. पाहुण्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारणाऱ्या निदर्शकांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच.

घड्याळाचा वादही संपलेला नाही. २०१३ मध्ये संसदेच्या एका समितीने ग्रीनिच वेळेवर परत जायची शिफारस केली, झालं काहीच नाही. मार्च २०२४ मध्ये कामगारमंत्री योलांदा दियास म्हणाल्या की रात्री एकला रेस्टॉरंटं उघडी असणं शहाणपणाचं नाही. माद्रिदच्या प्रादेशिक अध्यक्षा इसाबेल दियास आयुसो उसळल्या, यांना आम्हाला घरात कंटाळत बसवायचंय असा त्यांचा सूर. मला वाटतं मंत्रीणबाईंचा मुद्दा खरा होता. रात्री एकला माझं बिल आणणाऱ्या वेटरला आवराआवर करून घरी जायचं असतं आणि मेट्रो दीडला बंद होते. त्यानंतर सिबेलेस चौकातून रात्रीच्या बसेस सुटतात, त्यांना तिथे 'घुबड' म्हणतात. त्या घुबडात मी दोनदा बसलो. अर्धी बस क्लबला जाणाऱ्या पोरांची, अर्धी काम संपवून खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या माणसांची. ही दुसरी मंडळी बहुतेक दूरवर उतरायची. तरी, मला हेही कबूल आहे की रात्री अकराला चौकात आजोबा, नात आणि कॉलेजची पोरं एकाच बाकावर बसलेली बघून फार बरं वाटायचं. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत दहानंतर वॉचमनसुद्धा संशयाने बघतो.

डिसेंबरात गेलात तर ३१ ला सोल चौकात जा. घड्याळाच्या बारा टोल्यांबरोबर बारा द्राक्षं खायची ही प्रथा माद्रिदच्या वर्तमानपत्रांत १८९० च्या दशकापासून दिसते आणि आता सगळा देश टीव्हीसमोर बसून ती पाळतो. गर्दी झेपत नसेल तर ३० च्या रात्री घड्याळाची रंगीत तालीम असते, तेव्हा जा. द्राक्षं बिनबियांची घ्या. टोल्यांच्या आधी पावतासांच्या घंटा होतात, नवखे हमखास तिथेच पहिलं द्राक्ष तोंडात टाकतात. थांबा, त्या संपू द्या, मग मोजायला लागा.